डास खूप तरी हिवताप नाही, डास थोडे तरी हिवताप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पाऊस पडून डबकी साचली की माझ्याकडं प्रश्नांचा ओघ सुरू होतो. मी परभणीत प्राणिशास्त्र शिकवतो. विद्यार्थी वर्गात विचारतात, आशाताई फोनवर विचारतात आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले पाहुणे तर हमखास विचारतात. बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात : हिवतापाचा परजीवी कोणत्या डासाला लागतो आणि कोणत्याला नाही? ‘लागतो’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. कलम लागतं, विहिरीला पाणी लागतं, तसाच परजीवी डासाला लागतो. सगळ्याच विहिरींना पाणी लागत नाही, हे मराठवाड्यात वेगळं सांगायची गरज नाही.

१. सर, डास चावला म्हणजे हिवतापाचा धोका आलाच ना?

नाही. माणसाचा हिवताप फक्त ॲनॉफिलिस प्रजातीतले डास पसरवतात, आणि त्यातही फक्त माद्या. नर रक्त पीतच नाहीत, फुलांचा रस आणि झाडांतला गोडवा यावर त्यांचं भागतं. जगात ॲनॉफिलिसच्या पाचशेच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या साधारण सत्तर जातींना माणसाचा परजीवी लागू शकतो, आणि खरा उपद्रव चाळीसेक जातींचाच. भारतात साठाच्या घरात जाती सापडतात, पण मुख्य वाहक म्हणून सहाच मोजल्या जातात. आपल्याकडं लक्षात ठेवायची नावं दोन : खेड्यात ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीज, शहरात ॲनॉफिलिस स्टीफेन्साय. डोंगराळ भागातल्या झऱ्या-ओढ्यांसाठी तिसरं नाव आहे फ्लुव्हिएटिलिस.

२. क्युलेक्स आणि एडिस हे दुसरे डाससुद्धा त्याच आजारी माणसाला चावतात. मग त्यांना परजीवी का लागत नाही?

हाच प्रश्न रोनाल्ड रॉसला दोन वर्षं छळत होता. रॉस सिकंदराबादला लष्करी डॉक्टर होता. सिकंदराबाद म्हणजे निजामाच्या राज्यातली छावणी, ज्या राज्यात आपला मराठवाडाही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होता. म्हणून या शोधाला मी वर्गात ‘आपल्या राज्यात लागलेला शोध’ म्हणतो. पोरं हसतात, पण तारीख विसरत नाहीत. हिवतापाच्या रोग्यांना डास चावू द्यायचे, मग ते डास फाडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, असा रॉसचा उद्योग. राखी डास झाले, पट्टेरी डास झाले, हाती काही लागेना. कारण ते क्युलेक्स आणि एडिस होते. ऑगस्ट १८९७ मध्ये पंखांवर ठिपके असलेले थोडे डास मिळाले. ते त्यानं हुसेन खान नावाच्या रोग्याला चावू दिले, आणि २० ऑगस्टला त्यातल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीवर त्याला गोल पेशी दिसल्या. त्यांत काळे कण होते, अगदी रोग्याच्या रक्तातल्या परजीवीत असतात तसे. तो डास ॲनॉफिलिस होता.

पुढची गंमत फार लोकांना ठाऊक नसते. १८९८ मध्ये कलकत्त्यात रॉसनं पक्ष्यांच्या हिवतापावर काम केलं, तेव्हा पूर्ण चक्र त्याला क्युलेक्समध्येच सापडलं. म्हणजे क्युलेक्स काही ‘स्वच्छ’ डास नाही. त्याला चिमण्यांचा परजीवी लागतो, माणसाचा लागत नाही. एडिस इजिप्टायला कोंबडीचा हिवताप प्रयोगशाळेत सहज लागतो. कोण कोणाला लागणार हे परजीवी आणि डास या जोडीवर ठरतं. माणसाचा परजीवी क्युलेक्सच्या पोटात गेला की तो जठराची भिंत नीट ओलांडू शकत नाही, ओलांडलीच तर पुढं वाढत नाही, आणि शेवटी रक्ताच्या घासाबरोबर पचून जातो.

३. डासाच्या पोटात नेमकं होतं तरी काय?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा दमानं सांगतो.

रोग्याच्या रक्तात परजीवीची नर आणि मादी रूपं फिरत असतात. माणसात असताना ती नुसती वाट बघत असतात. डासानं रक्त ओढलं की ऊब एकदम कमी होते आणि डासाच्या आतड्यातलं झँथ्युरेनिक आम्ल त्यांना जागं करतं. दहा-पंधरा मिनिटांत एका नरापासून आठ वळवळते धागे सुटतात आणि माद्यांना फलित करतात. साधारण एका दिवसात त्या फलित पेशीचा सरपटणारा जंतू होतो, त्याला ऊकिनेट म्हणतात.

आता ऊकिनेटपुढं फाटकं लागतात. पहिलं फाटक म्हणजे रक्ताच्या घासाभोवती डासानं तयार केलेला पातळ पडदा. तो विरघळवायला परजीवीकडं स्वतःचं विकर असतं. दुसरं फाटक जठराची भिंत. तिसरं फाटक भिंतीच्या पलीकडं, जिथं डासाची प्रतिकारशक्ती टपून बसलेली असते (ती कशी, ते प्रश्न ६ मध्ये). या सगळ्यातून जो वाचतो तो भिंतीला बाहेरून चिकटून गोल गाठ करतो, ती ऊसिस्ट. रॉसला दिसली ती हीच. गाठीच्या आत हजारो सुईसारखे स्पोरोझॉइट तयार होतात, गाठ फुटते, आणि ते डासाच्या अंगातल्या द्रवातून लाळेच्या ग्रंथींपर्यंत जातात. ग्रंथीत शिरणं हे चौथं फाटक.

डासाच्या पोटात गेलेल्या शेकडो-हजारो परजीवींपैकी रानातल्या डासात शेवटी गाठी उरतात एक, दोन, फार तर पाच. बहुतेकींत एकही नाही. हिवतापाच्या परजीवीचं सगळ्यात अवघड वळण माणसात नाही, डासात आहे. जातीजातींत जो फरक पडतो तो मुख्यतः यातल्या कोणत्या फाटकावर परजीवी अडकतो याचा.

४. आमच्या गोठ्यात संध्याकाळी डासांचे ढग असतात, तेही तिरपे बसणारे. पण गावात हिवतापाचा एक पेशंट नाही. मग ते तिरपे डास कोण?

तिरपं बसणं ही ॲनॉफिलिसची खूण, हे बरोबर. क्युलेक्स भिंतीला समांतर बसतो, ॲनॉफिलिस शेपूट वर करून, एखादा खिळा तिरका ठोकल्यासारखा. पण सगळे ॲनॉफिलिस वाहक नसतात. पावसाळ्यात आपल्या गोठ्यांत जो ॲनॉफिलिस ढिगानं मिळतो तो बहुधा सबपिक्टस, जोडीला व्हेगस. यांना गढूळ डबकी, खुरांचे खड्डे चालतात आणि रक्त लागतं ते मुख्यतः जनावरांचं. प्रयोगशाळेत सबपिक्टसला परजीवी लागतो, काही किनारी भागांत तो दुय्यम वाहकही ठरलाय. आपल्याकडं मात्र त्याची गर्दी पाहून घाबरायचं कारण नाही.

विद्यार्थ्यांना घेऊन मी पहाटे गोठ्यात डास पकडायला जातो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात तोंडानं ओढायची नळी. तासाभरात नळ्या भरतात. परत येऊन मोजतो तेव्हा सबपिक्टसचा डोंगर असतो आणि क्युलिसिफेसीज त्यात मूठभर. गावकऱ्याला वाटतं आपण डोंगराला भ्यावं. भ्यायचं त्या मुठीला, आणि त्या मुठीतल्याही सगळ्यांना नाही. ते पुढच्या प्रश्नात.

५. क्युलिसिफेसीजच्या ‘ए, बी, सी, डी, ई’ अशा पोटजाती ऐकल्या. डोळ्यांना फरक दिसतो का?

अजिबात नाही. या पोटजातीही नव्हेत, खऱ्याच वेगळ्या जाती आहेत. फक्त दिसायला जुळ्या बहिणींसारख्या. आपापसात त्या सहसा संकर करत नाहीत. १९८० मध्ये गुणसूत्रांवरच्या पट्ट्यांवरून ए आणि बी वेगळ्या असल्याचं पहिल्यांदा दाखवलं गेलं, बाकीच्या मागाहून सापडल्या. ओळख पटवायला अर्धवट अंडी भरलेल्या मादीच्या अंडाशयातली गुणसूत्रं पाहावी लागतात किंवा पीसीआर, म्हणजे डीएनएची तपासणी, करावी लागते.

फरक दिसण्यात नाही, वागण्यात आहे. ए, सी, डी आणि ई या वाहक. बी मात्र भारतात जवळजवळ निरुपद्रवी : एक तर ती जनावरांकडं ओढली जाते, दुसरं म्हणजे तिला परजीवी कमी लागतो. आणि देशात सर्वांत दूरवर पसरलेली जात हीच. खेड्यातला देशातला साठ-पासष्ट टक्के हिवताप क्युलिसिफेसीजच्या नावावर आहे, तरी ‘क्युलिसिफेसीज सापडला’ एवढ्यावरून गावाचा धोका कळत नाही.

याचा धडा श्रीलंकेनं दिला. तिथं आधी सगळ्या क्युलिसिफेसीज ‘बी’ समजल्या गेल्या, कारण गुणसूत्रांच्या पट्ट्या बीसारख्याच होत्या. पण तिथं हिवताप तर जोरात होता. निरुपद्रवी जात एवढी माणसं कशी आजारी पाडते? नीट पाहिलं तेव्हा नरांच्या वाय गुणसूत्राचा आकार वेगळा निघाला आणि ती ‘ई’ ठरली. रामेश्वरम बेटावरही हीच ई. एका गुणसूत्राच्या आकारावरून निरपराध आणि गुन्हेगार वेगळे काढावे लागले.

फ्लुव्हिएटिलिसचंही तसंच. एस, टी आणि यू अशा जाती, त्यात एस ही माणसाच्या रक्ताची शौकीन आणि पक्की वाहक, तर टी आणि यू गोठ्यातच रमणाऱ्या.

६. ‘बी’ला परजीवी लागत नाही म्हणजे कधीच नाही? आणि डास परजीवीला मारतो कसा?

कधीच नाही असं नाही. प्रयोगशाळेत ‘बी’ला भरपूर परजीवी असलेलं रक्त पाजलं तर काही माद्यांत गाठी होतात. ‘ए’च्या मानानं कमी माद्यांत आणि कमी संख्येनं. लागणं हे दिवा लावण्या-विझवण्यासारखं नसतं, चढत्या-उतरत्या पायऱ्यांसारखं असतं. एकाच जातीत, एकाच गावातल्या दोन माद्यांतही फरक पडतो.

आता मारण्याबद्दल. डासाच्या अंगात आपल्यासारख्या प्रतिपिंडांची व्यवस्था नसते, पण हाती हत्यारं असतात. ऊकिनेट जठराची भिंत फोडून बाहेर येतो तेव्हा जखमी पेशी नायट्रिक ऑक्साइडसारखी तिखट रसायनं सोडतात. तेवढ्यात टेप-१ नावाचं प्रथिन ऊकिनेटच्या अंगाला जाऊन चिकटतं. एकदा ते चिकटलं की त्याचा निकाल लागलाच म्हणायचा. काही डासांत तर मेलेल्या परजीवीभोवती मेलॅनिनचा काळा लेप चढतो. हेच रंगद्रव्य आपल्या केसांत असतं. अशा डासाचं जठर सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की भिंतीवर तीळ पेरल्यासारखे काळे ठिपके दिसतात. भारतात क्युलिसिफेसीज ‘बी’चं असं वाण वेगळं काढलं गेलंय, ज्यात व्हायव्हॅक्सच्या (माणसाच्या हिवतापाच्या दोन मुख्य परजीवींपैकी एक, दुसरा फाल्सिपेरम) गाठी काळ्या पडून मरतात. आफ्रिकेतल्या गँबियाय डासाचं असंच वाण अमेरिकेत १९८६ मध्ये निवडून तयार केलं होतं. त्यानं बाहेरच्या खंडांतले परजीवी बिनबोभाट काळे केले, पण आफ्रिकेतल्याच फाल्सिपेरमपुढं त्याची डाळ शिजली नाही. का, ते प्रश्न ७ मध्ये.

डासाच्या पोटातले जिवाणूही यात हात मारतात. रक्त प्यायल्यावर ते झपाट्यानं वाढतात आणि काही थेट परजीवीला मारक ठरतात. म्हणून दोन वेगळ्या डबक्यांत वाढलेल्या सख्ख्या बहिणींचंही नशीब वेगळं निघू शकतं.

७. व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम, दोन्ही एकाच डासाला सारखेच लागतात का?

आपल्या मुख्य वाहकांना दोन्ही लागतात, पण सारखे नाही. आणि गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही : परजीवी कुठल्या गावचा, हेही बघावं लागतं. युरोपातल्या ॲट्रोपार्व्हस डासाला तिथला स्थानिक फाल्सिपेरम एके काळी लागत होता, पण उष्ण कटिबंधातला फाल्सिपेरम पाजला तर लागत नाही. मध्य अमेरिकेतल्या अल्बिमॅनसला आफ्रिकेतला फाल्सिपेरम जेमतेम लागतो.

कारण परजीवीच्या अंगावरच्या पीएफएस-४७ नावाच्या प्रथिनात आहे. या प्रथिनामुळं परजीवी डासाच्या प्रतिकारशक्तीच्या नजरेतून सुटतो, पण त्याचे प्रकार प्रदेशागणिक वेगळे आणि प्रत्येक प्रकार ठरावीक डासांतच चालतो. कुलूप-किल्लीसारखं. किल्ली बसली की फाटक उघडतं, नाही बसली तर टेप-१ वाट बघतच असतो. फाल्सिपेरम आफ्रिकेतून निघून जगभर पसरला तो वाटेत नवनव्या डासांची कुलपं उघडत, असं आज मानलं जातं.

८. परजीवी लागलेला डास रोग पसरवणारच ना? की तिथंही ‘पण’ आहे?

तिथंही दोन ‘पण’ आहेत.

पहिला, लाळेच्या ग्रंथीचा. माकडांचा नोलेसी नावाचा परजीवी अमेरिकेतल्या फ्रीबोर्नी डासाला पाजला तर गाठी होतात, स्पोरोझॉइट सुटतात, पण ग्रंथीत शिरता येत नाही. तीन फाटकं पार, चौथ्यावर गाडी अडली. असा डास पोटात परजीवी घेऊन हिंडेल, पण कोणाला देणार नाही. म्हणून संशोधक नुसतं जठर पाहत नाहीत, ग्रंथी फाडूनही पाहतात.

दुसरा, आयुष्याचा. हा मला जास्त मोलाचा वाटतो. परजीवी तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात आणि डासाचं आयुष्यच जेमतेम तेवढं. समजा शंभर माद्यांना आज परजीवी लागला. रोज शंभरातल्या ऐंशी जगत असतील तर दहा दिवसांनी उरतात अकरा. रोज नव्वद जगत असतील तर उरतात पस्तीस. रोजच्या जगण्यात दहाचा फरक, पण दहाव्या दिवशी तिपटीचा. घराच्या भिंतींवर फवारणी याच गणितावर उभी आहे : रक्त पिऊन भिंतीवर सुस्तावलेला डास फवाऱ्यानं म्हातारा व्हायच्या आत मरावा. सगळे डास मारणं हा उद्देशच नाही. फवारणीवाले आले की ‘आमच्याकडं डास तर तसेच आहेत’ म्हणून लोक दार लावून घेतात, तेव्हा हे समजावून सांगणारं कोणी सोबत नसतं.

९. मे महिन्यात आपल्याकडं ४२-४३ अंश तापतं. तेव्हा हिवताप का थांबत नाही?

बराचसा थांबतोच. परजीवीला डासात वाढायला ठरावीक ऊब लागते. व्हायव्हॅक्सची वाढ १४.५ अंशांच्या खाली थांबते, फाल्सिपेरमची १६ च्या खाली. त्याच्या वर जितकी ऊब तितकी घाई. जुन्या हिशोबानं २० अंशांना व्हायव्हॅक्सला १९ दिवस लागतात आणि फाल्सिपेरमला २८. २५ अंशांना १० आणि १२. २८ अंशांना ८ आणि ९. पण ३३-३४ च्या वर परजीवीही करपतो आणि कोरड्या हवेत डासही लवकर मरतो.

मग अपवाद कुठून? हवामान खात्याचा आकडा अंगणातला, डास मात्र बसतो घरात. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरात, जाड मातीच्या छताखाली, भर दुपारीही गारवा असतो. रांजणाशेजारचा कोपरा तर ओलसरच. क्युलिसिफेसीजला आत विसावायची सवय आहे, त्याला तिथलं हवामान लागू. पत्र्याच्या शेडमध्ये तोच डास भाजून निघतो. खरा हंगाम पाऊस ओसरू लागल्यावरचा : ओलावा, ऊब आणि साठलेलं पाणी तिन्ही एकत्र.

१०. लातूरला आम्ही आठ-आठ दिवसांचं पाणी टिपाडात भरून ठेवतो. त्यात होणारे डास हिवतापाचे की डेंग्यूचे?

दोन्हींचे होऊ शकतात. घरातल्या टिपाडात, कूलरमध्ये बहुधा एडिस, म्हणजे डेंग्यू. पण स्टीफेन्सायलाही हौद, गच्चीवरच्या टाक्या, बांधकामावरचं पाणी आणि आड प्रिय. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या वर्षी घराघरांत भांडी भरून ठेवलेली होती. दुष्काळात डास कमी होतात हा गैरसमज. खेड्यातला कमी होतो, शहरातल्या डासाला आपणच पाणी साठवून देतो.

अळी पाहून फरक करता येतो. ॲनॉफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडते, एडिस आणि क्युलेक्सची डोकं खाली करून लटकते.

स्टीफेन्सायचे तीन प्रकार आहेत : टाइप, इंटरमीडिएट आणि मायसोरेन्सिस. अंड्याच्या बाजूच्या तरंगत्या पट्ट्यांवरच्या कडा मोजून ते ओळखतात, टाइपमध्ये कडा जास्त, मायसोरेन्सिसमध्ये कमी. आपल्या देशात शहरी हिवताप पसरवतो तो टाइप. खेड्यातला मायसोरेन्सिस फारसा नाही. स्टीफेन्साय २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या जिबूतीत आणि २०१६ मध्ये इथिओपियात सापडला, आणि तिथल्या शहरांपुढं नवीनच संकट उभं राहिलं. आफ्रिकेतला मूळ वाहक टाक्यांत फारसा वाढत नाही, हा वाढतो. आणि तिथला फाल्सिपेरम त्याला लागतो.

११. जायकवाडीच्या कॅनॉलमुळं आणि शेततळ्यांमुळं धोका वाढलाय का?

वाहत्या कालव्यानं फारसा नाही. कालवा फुटून झिरपलेलं पाणी, पाळी संपल्यावर तळाशी उरलेले डोह, काठचे खोदलेले खड्डे हे क्युलिसिफेसीजचं माहेर. स्वच्छ, उन्हातलं, हळू हलणारं पाणी त्याला लागतं. प्लॅस्टिकच्या कागदाचं शेततळं नीट राखलेलं असेल तर गप्पी मासे सोडा, काम भागतं. गवत आणि शेवाळ माजलं की मासे अळ्यांपर्यंत पोचत नाहीत.

१२. दाराशी म्हैस बांधली तर डास तिला चावतील आणि आम्ही वाचू, हे खरं का?

कधी खरं, कधी उलटं. क्युलिसिफेसीजच्या वाहक जातीसुद्धा बहुतांश रक्त जनावरांचंच पितात, त्यामुळं काही चावे म्हशीवर जातात हे खरं. जनावराचं रक्त माणसाच्या परजीवीसाठी फुकट. पण जनावरं जास्त म्हणजे रक्त जास्त, रक्त जास्त म्हणजे अंडी जास्त. शिवाय गोठा भिंतीला भिंत लावून असेल तर डास आधी म्हशीकडं येतो आणि म्हशीवर नाही जमलं तर पलीकडं माणूस झोपलेलाच असतो. शक्य असेल तर गोठा घरापासून थोडा लांब, आणि माणसं मच्छरदाणीत. म्हशीच्या भरवशावर मच्छरदाणी मात्र काढू नका.

१३. ‘रेझिस्टंट डास’ म्हणजे परजीवी न लागणारा डास ना?

इथं सगळे गोंधळतात, माझे एमएस्सीचे विद्यार्थीही. सरकारी कागदात ‘रेझिस्टंट’ लिहिलेलं असतं ते बहुधा कीटकनाशकाला दाद न देणाऱ्या डासाबद्दल. आपल्याकडच्या क्युलिसिफेसीजवर डीडीटीचा परिणाम कधीचाच उरलेला नाही, इतर औषधांनाही तो बऱ्याच ठिकाणी पुरून उरतोय. परजीवी लागणं-न लागणं ही वेगळी गोष्ट. औषधाला न मरणारा डास परजीवीचा उत्तम वाहक असू शकतो, आणि औषधानं पटकन मरणारा डास मुळात वाहकच नसेल.

१४. डासाच्या अंड्यातून पुढच्या पिढीला परजीवी जातो का?

नाही. प्रत्येक मादी कोरी जन्मते. तिला आधी आजारी माणूस चावावा लागतो. डेंग्यूच्या विषाणूचं थोडं वेगळं आहे, तो अंड्यांतून पुढं गेल्याचं आढळलंय.

१५. आमच्या तांड्यावर वर्षभर कोणाला काही नसतं. ऊसतोडीहून लोक परतले की दोन-तीन पेशंट निघतात. आमचे डास अचानक बिघडतात का?

डास बिघडत नाहीत. ते आधीपासूनच तयार असतात, परजीवीच नव्हता, तो आला. कोयता घेऊन सहा महिने दूर राहिलेल्या माणसाला तिकडं लागण झाली की दोन गोष्टी होतात. व्हायव्हॅक्स यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा डोकं काढतो, म्हणजे गावात परतल्यावर आलेला ताप नव्या डासामुळंच असेल असं नाही. आणि त्या तापात माणसाच्या रक्तातली नर-मादी रूपं गावच्या क्युलिसिफेसीजला मिळतात. व्हायव्हॅक्समध्ये ही रूपं ताप चढायच्या आसपासच दिसू लागतात, फाल्सिपेरममध्ये आठवडाभर किंवा जास्त उशिरा. म्हणून व्हायव्हॅक्सच्या बाबतीत ‘दोन दिवस बघू’ म्हणेपर्यंत डासांचं काम झालेलं असतं.

पुढं साखळी चालेल की तुटेल, हे गावात ‘बी’ जास्त आहे की ‘सी’-‘डी’ यावर (प्रश्न ५), डास किती जगतात यावर (प्रश्न ८) आणि उन्हावर (प्रश्न ९) ठरतं. पोळ्याच्या सुमारास तोच माणूस परत तापला तर धोका मार्चमधल्यापेक्षा कितीतरी मोठा.

परतलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी आशाताईंकडं रक्त तपासायला पाठवा. काचपट्टी किंवा झटपट किट, दोन्ही फुकट. व्हायव्हॅक्स निघाला तर यकृतातल्या परजीवीसाठी प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स डॉक्टर देतात. गरोदर बाई, लहान मूल आणि काही ठरावीक रक्तदोष असलेली माणसं यांच्याबाबत निर्णय डॉक्टरांचाच. ताप चौथ्या दिवशी उतरतो आणि उरलेल्या गोळ्या पत्र्याच्या पेटीत पडून राहतात. पुढच्या वर्षीचा पहिला पेशंट त्या पेटीत तयार होत असतो.

१६. न लागणारे डास तयार करून सोडता येणार नाहीत का?

प्रयत्न चाललेत. २००२ मध्ये स्टीफेन्सायमध्ये परजीवीची वाट अडवणारं जनुक घालून दाखवलं गेलं. २०१५ मध्ये फाल्सिपेरमविरुद्धची जनुकं पुढच्या जवळजवळ सगळ्या पिल्लांत आपोआप जातील, अशी जनुक-रेटा नावाची युक्ती त्याच डासात प्रयोगशाळेत साधली. दुसरी वाट जिवाणूंची : २०२३ मध्ये डेल्फ्टिया नावाचा जिवाणू डासाच्या पोटात परजीवी रोखतो असं आढळलं.

माझं मत विचाराल तर जिवाणूंची वाट मला जास्त पटते, कारण ती परत फिरवता येते. जनुक-रेटा एकदा सुटला की सुटला. शिवाय आपल्याकडं पाच जुळ्या बहिणी एकाच नावाखाली नांदतात. एकीत घातलेलं जनुक दुसरीत जाणार नाही. आणि परजीवी कुलपं उघडण्यात तरबेज आहे, हे प्रश्न ७ मध्ये पाहिलंच.

१७. सर, फोटो पाठवलाय. हा डास हिवतापाचा आहे का?

रोज एक तरी येतो. फोटोत भिंतीवर एक काळा-लाल डाग, शेजारी दोन पाय. चापट मारलेला डास ओळखता येत नाही हो. ॲनॉफिलिस ओळखायचा तर पंखांवरचे ठिपके आणि तोंडाशेजारच्या स्पर्शिकांवरचे पट्टे शाबूत हवेत, आणि फोनच्या फोटोत तेही धड दिसत नाहीत. भिंतीवर बसलेल्या डासावर पारदर्शक बाटली उपडी ठेवा, खालून कागद सरकवा, बाटली दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. मग रिकाम्या काडेपेटीत मऊ कागदाची घडी घालून त्यावर अलगद ठेवा. कापूस नको, पाय अडकतात. पेटीवर गाव, तारीख आणि डास घरात सापडला की गोठ्यात, एवढं लिहा. नंतर ती जवळच्या आरोग्य केंद्रात, जिल्हा हिवताप कार्यालयात किंवा कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात द्या. क्युलिसिफेसीज आहे की नाही, हे आम्ही दहा मिनिटांत सांगू. ए की बी, हे आम्हालाही नुसतं बघून सांगता येणार नाही.